एकतीस मीटर

ईस्तारी निकुरे, ढोरांच्या दवाखान्यातले ड्रेसर,
यांनी त्या दिवशी पोटदुखीचा अर्ज पाठवला
आणि पहाटे साडेपाचला मला मोहाच्या झाडावर चढवलं.
तांब्याची तार, टोकाला सलाईनच्या बाटलीचं रबर.
मी नऊ वर्षांचा. मजुरी दहा पैसे
आणि मूठभर उकडलेले शिंगाडे.

लंडनला तेव्हा मध्यरात्र.
साडेपाच तास मागं हाये थे गाव, ते म्हणाले,
आपुन आधी उठतो.

औषधवाटपाचं जुनं रजिस्टर.
‘जनावर’ खोडून ‘कार्यक्रम’,
‘रोग’ खोडून ‘खरखर’.
गाणं लागलं की पेन्सिल खाली ठेवायचे.
गाणं कुठलंबी कळते गा,
मले बोलणं पायजे.
इंग्रजी त्यांची नववीपर्यंतची,
पुढची औषधांच्या लेबलांवरची.

सहा वाजता बातम्या. आवाज चार, खरखर एक.
साडेसातला एक म्हातारा कोबीबद्दल बोलला.
किंवा लढाईबद्दल. ‘ट्रेंच’ दोनदा आला.
नवाला कुणी पुस्तक वाचत होतं,
पान उलटल्याचंसुद्धा ऐकू आलं,
तेही लिहिलं.

दुपारी आवाज पेजेसारखा पातळ.
सेल काढून कौलांवर उन्हात वाळवले.
मी फांदी बदलली.

अडीचला नाटक.
तोवर अंगणात माणसं जमलेली:
द्वारकाबाई लाखोरीची डाळ पाखडत,
दंडारीत राणी होणारा फागो,
आणि एक आजारी गोऱ्हा, ज्याला कुणी सांगितलं नव्हतं
की डॉक्टर सुट्टीवर आहेत, ड्रेसरही.

दार लागलं. पावलं. बाई बोलत राहिली,
पुरुष गप्प. पुन्हा दार.
“का म्हणते गा थे?”
“त्यानं काहीतरी लपवलं.”
“वावराचा कागद असन,” द्वारकाबाई म्हणाली,
सुपाचा हात न थांबवता.
फागो डोळे मिटून ऐकत होता.
म्हणाला, बाई उभ्यानं रडून राह्यली.
बसून रडलं का आवाज असा निंगत नाही.
कुणी हसलं नाही.
रजिस्टरात: नाटक. तीन दारं. बाई उभी.

अंधार पडल्यावर माणसं गेली, गोऱ्हाही गेला.
बोडीवरून गार वारा.
ते म्हणाले, अजून येक राह्यलं. उतरू नको.

रात्री साडेनऊला श्रोत्यांची पत्रं.
चार महिन्यांपूर्वी, शब्दकोश मांडीवर घेऊन,
निळ्या घडीच्या पत्रावर त्यांनी विचारलं होतं:
रात्रीच्या बातम्या सुरू व्हायच्या आधी
तुमच्या खोलीत कुणीतरी खोकतं.
कोरडा खोकला आहे. सात आठवडे झाले.
त्याला आता बरं आहे का?

एक बाई वाचत होती. कुणाचं तरी, मग दुसऱ्या कुणाचं.
मग ‘इंडिया’.
मग ‘निक’

आणि वर मी, शिंगाड्याचं टरफल दातानं सोलत,
दोन्ही हातांनी.
तार सुटली.

खालून नुसतं तळण तळल्यासारखं.
मी चाचपडत पकडली, गुंडाळली, दाताखाली धरली,
जीभ तांब्यानं कडू झाली.
आवाज आला तेव्हा
केनियातल्या कुणाला टपालतिकिटं हवी होती.

ते ओरडले नाहीत.
बराच वेळ कंदील तेवढा हलला.
वरचं हवामान बिघडलं असन, ते म्हणाले.
मी म्हणालो, हो.

उन्हाळ्यात कार्ड आलं. छापील आभार,
तारीख, मीटर, कुणाची तरी तिरपी सही.
खोकल्याबद्दल काही नाही.
ते दवाखान्यात लसींच्या तक्त्याशेजारी लागलं,
आणि मी तिकडून जाणं सोडलं.

रजिस्टर आता माझ्याकडं आहे,
त्यांच्या सुनेनं रद्दीतून काढून दिलं.
शेवटची ओळ: ९.४०. माझं नाव? खरखर ५.

सगळं पान पेन्सिलीचं, पुसट.
प्रश्नचिन्ह तेवढं
नंतर कधीतरी शाईनं गिरवलेलं.